गुरुजींचा अनध्याय

ज्यांनीं लहानपणीं एखाद्या शास्त्रीबोवांपुढें बसून चार श्लोक घोकले असतील त्यांना 'अनध्याय' हा शब्द किती गोड लागतो हें सांगावयास नकोच. प्रतिपदा आली कीं पोथी बंद, अष्टमी आली कीं पोथी बंद. याज्ञवल्क्यस्मृतींत तर तिथींखेरीज सदतीस तात्कालिक अनध्याय मोजून दाखविले आहेत. कुत्रें किंवा गाढव ओरडत असतां, धुळीचें वादळ सुटलें असतां, दुर्गंधि येत असतां, धांवत असतां, नावेंत बसलें असतां, कोणी शिष्ट पुरुष घरीं आला असतां अध्ययन करूं नये, असें तेथें म्हटलें आहे. आमच्या पाठांतील एका विद्वानानें भिंतीआड उभें राहून गाढवाचा आवाज काढला व सर्वांना सुटी मिळवून दिली होती. बोवांनीं ती हंसत दिली, पण दुसरे दिवशीं दुप्पट पाठ घेतला! विनोद सोडला तर या यादीच्या मुळाशीं मोठें शहाणपण आहे. चित्त ठिकाणावर राहूं शकत नसेल त्या वेळीं विद्या देऊंहि नये व घेऊंहि नये, असा तिचा आशय आम्ही समजतों.

त्या सदतिसांत आपल्या काळानें एका अडतिसाव्याची भर घातली आहे, आणि त्याची नोंद कोणत्याहि पंचांगांत सांपडणार नाहीं. शाळा उघडी आहे, मुलें बसलेलीं आहेत, गुरुजीहि खुर्चीवर आहेत. परंतु गुरुजी तक्ता भरीत आहेत, म्हणून पाठ बंद आहे.

आम्ही छत्तीस वर्षें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिक्षक होतों. आमच्या वडिलांचा पेशाहि हाच होता, आणि आतां आमची धाकटी सून एका दोनशिक्षकी शाळेंत तेंच काम करीत आहे. तीन पिढ्यांचें हें काम एकाच घराच्या ओसरीवरून पाहावयास मिळाल्यामुळें त्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आपणांस आहे असें आम्हांस वाटतें. आमच्या वाचकांच्या घरांतूनहि अशी एखादी सून, मुलगी, जाऊ किंवा भाऊ असेलच. कारण मास्तरकी हा पेशा आपल्या घरांतून अजून गेलेला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांतील एक रात्र सांगतों. साडेनऊ वाजले होते. पानें वाढलेलीं होतीं, आणि सूनबाईचा मोबाईल वाजूं लागला. एकदां, दोनदां, मग लागोपाठ सात आठ वेळां. "उद्यां सकाळीं दहाच्या आंत" असा तो निरोप होता. ज्या मुलांच्या आधारपत्रांतील नांव व शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरांतील नांव जुळत नाहीं अशा मुलांची यादी ठराविक नमुन्यांत भरून पाठवावयाची होती. हीच यादी तिनें त्याच महिन्यांत दोनदां पाठविली होती. परंतु या वेळीं नमुन्यांत एक रकाना निराळा होता. तिनें कसेंबसें चार घांस खाल्ले, आणि नातवाच्या अभ्यासाच्या मेजावर लॅपटॉप उघडून ती बसली. तिच्या पिशवींत तिसरीच्या मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. तो तिनें तपासण्यासाठीं आणला होता. साडेअकराला दिवा मालवला तेव्हां त्या गठ्ठ्याची दोरी तशीच होती, आणि सकाळीं ती न सोडतांच तो गठ्ठा शाळेला परत गेला. आमच्या घरांतून एवढेंच उद्गार निघाले कीं, "तुमच्या वेळीं निदान रात्र तरी घराची होती."

हें खरें आहे काय, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ पडून राहिलों, आणि दुसरे दिवशीं कागद घेऊन हिशेबच मांडला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालचा; १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. त्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीसाठीं वर्षाला निदान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठीं २२० दिवस व १००० तास शिक्षण व्हावें असें सांगितलें आहे. शिक्षकाचें आठवड्याचें काम तयारीचा वेळ धरून निदान ४५ तास असावें, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. आतां पाहा. लहान वर्गांसाठीं दिवसाचे चार तास होतात. सहा दिवसांचा आठवडा धरला तर चोवीस. पंचेचाळिसांतून चोवीस वजा जातां एकवीस तास उरतात. कायदा करणारांच्या मनांत हे एकवीस तास रिकामे नव्हते. पुस्तक वाचणें, उद्यांच्या पाठाचें साहित्य करणें, वह्या पाहणें, मागें राहिलेल्या मुलाला जवळ घेऊन बसणें यांसाठीं ते होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत स्वाध्याय आणि प्रवचन हीं दोन कर्तव्यें पुन्हां पुन्हां जोडीनेंच सांगितलीं आहेत. स्वतः शिकणें सुटलें कीं शिकविणें शिळें होतें, हें त्या ऋषींना ठाऊक होतें. आणि आमच्या कायद्याच्या परिशिष्टांतहि, रूक्ष भाषेंत कां होईना, तेंच सांगितलें आहे.

परंतु ते एकवीस तास सूनबाईच्या आठवड्यांत कोठें आहेत? तक्त्यांत, बैठकींत, छायाचित्रांत आणि दूरध्वनींत. बरें, हें काम त्या एकवीस तासांपुरतें राहतें तरी एक वेळ चाललें असतें. तें वर्गाच्या चार तासांतहि शिरतें. रोज फक्त अर्धा तास गेला असें धरा. कोणीहि शिक्षक हा अंदाज जास्त आहे असें म्हणणार नाहीं. दोनशें दिवसांत शंभर तास गेले. म्हणजे चार तासांच्या हिशेबानें पंचवीस दिवसांची शाळा बुडाली. एवढ्या दिवसांची सुटी एकदम दिली असती तर गांवानें शाळेवर मोर्चा आणला असता. अर्ध्या अर्ध्या तासानें दिली म्हणून कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

आमचे वडील शाळेंतच गांवचें टपाल पाहत. त्या काळीं पुष्कळ खेड्यांतून शाळामास्तर हाच शाखा टपालमास्तर असे. दुपारीं पिशवी आली कीं अर्धा तास पाठ थांबे, आणि मोठीं मुलें लहानांचे पाढे घेत. तेव्हां मास्तरांवर परकें काम लादण्याची रीत आजची नव्हे, हें कबूल केलेंच पाहिजे. इतकेंच काय, जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं शिक्षण आयोगापुढें जें निवेदन केलें त्यांत खेड्यांतील शिक्षकाकडे गांवच्या हिशेबाची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल किंवा मुद्रांकांची विक्री यांसारखें एखादें काम सोंपवावें, अशी सूचनाच केली होती. परंतु ती सूचना कोणत्या हेतूनें होती हें पाहिलें पाहिजे. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा वीस असावा, असें सांगून त्याच ओघांत त्यांनीं हें सुचविलें. अशा कामानें शिक्षकाचा गांवांतील मान वाढेल व त्याच्या शब्दाला वजन येईल, हा त्यांचा विचार होता. वडिलांच्या बाबतींत तें अक्षरशः खरें ठरलें होतें. मनीऑर्डरीचे पैसे त्यांच्या हातून मिळत, पत्रें तेच वाचून दाखवीत, आणि म्हणून "पोरीला शाळेंत धाड" असें त्यांनीं म्हटलें कीं गांव ऐके. शिवाय त्या कामाला शेवट होता. पिशवीवर लाखेची मोहोर उठली कीं टपाल संपलें. आजच्या कामानें मान तर वाढत नाहींच, आणि त्याला मोहोरहि नाहीं. रात्रीं साडेनऊला तें पुन्हां सुरू होतें.

येथें आम्हांला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्यांत कांहींच अर्थ नाहीं.

फेब्रुवारी २००१ मध्यें जनगणना झाली. आम्ही प्रगणक होतों. जनगणनेचें काम आम्हांस कधींच कमी वाटलें नाहीं; आपल्या देशांत माणसें किती, तीं कशीं राहतात, हें मोजावयाचें तर गांवानें ज्याला दार उघडावें असाच माणूस पाहिजे, आणि तो बहुधा मास्तरच असतो. ९ ते २८ फेब्रुवारी असे ते दिवस होते. सकाळ संध्याकाळ घरें घ्यावीं आणि दुपारीं शाळा करावी असें आम्हीं ठरविलें. पण उंबरठ्यावर बसलें कीं वेळेचा हिशेब राहत नाहीं, आणि त्या तीन आठवड्यांत चौथीचा वर्ग बहुतेक एका हुशार विद्यार्थ्याच्याच स्वाधीन होता. हजेरीहि तोच मांडी. संध्याकाळीं आम्ही सही करीत असूं.

त्या वर्गांत खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती. फार बोलत नसे; भागाकार मात्र झटकन् करी. एका संध्याकाळीं गणनेसाठीं आम्ही तिच्याच घरीं गेलों. बाप ओट्यावर बसून उत्तरें देत होता. कडेवर तान्ह्या भावाला घेऊन ती दारांत उभी होती. शिक्षणसंस्थेंत जाते काय, असा प्रश्न पत्रकांत होता. तो आम्हीं विचारलाहि नाहीं. आमचीच विद्यार्थिनी ती! 'शाळा' अशी नोंद आम्हीं करून टाकली, तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि पुढच्या घरीं गेलों. मार्चांत वर्ग पुन्हां आमच्या हातीं आला तेव्हां खिडकीजवळची जागा रिकामी होती. हजेरीपटावर मात्र ती रोज हजर होती. त्या पोरानें संवयीनें सगळ्यांच्या पुढें हजेरी मांडली होती आणि आम्हीं संवयीनें सह्या केल्या होत्या. चौकशी केली तों कळलें कीं, आई अंथरुणाला खिळली होती आणि पोरगी महिनाभर घरींच होती. आम्ही तिच्या घरीं गेलों त्या दिवशींहि ती शाळेंत आली नव्हती. आम्हीं तिला मोजलें, पण पाहिलें नाहीं. तिच्या बापाशीं आम्ही मग दोनदां बोललों. त्यानें हो म्हटलें. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्यांच्या घराला कुलूप होतें. तें कुटुंब कोठें गेलें हें गांवांत कोणालाहि सांगतां आलें नाहीं.

याचा दोष आम्ही जनगणनेवर टाकीत नाहीं. दोष आमचा होता. परंतु एक प्रश्न आम्हीं तेव्हांपासून मनांत धरला आहे: शिक्षकाला वर्गांतून उचलतांना त्याच्या जागीं कोण बसणार, हें उचलणारानें आधीं सांगावयास नको काय? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हें कायद्याचें प्रमाण आहे. त्यांतला एक गेला कीं दुसऱ्यापुढें चार पांच इयत्ता एकदम बसतात. दहा शिक्षकांच्या शाळेंतून एक गेला तर वर्ग वाटून घेतां येतात. दोहोंतून एक गेला तर अर्धी शाळाच गेली. जून २०२५ च्या अधिसूचनेनें पुढील जनगणनेची संदर्भतिथि १ मार्च २०२७ ही ठरविण्यांत आली, हें वाचतांच आम्हांला प्रथम तो हजेरीपट आठवला.

गंमत अशी कीं, कागदावर शिक्षक आज जितका मोकळा आहे तितका तो पूर्वीं कधींच नव्हता. वर सांगितलेल्या कायद्याचें २७ वें कलम दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळें व संसद यांच्या निवडणुका एवढीं तीन कामें सोडून इतर कोणत्याहि बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपण्याची मनाई करतें. त्याच्याहि आधीं, २००७ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें निवडणुकीचें काम शिक्षकांना साधारणतः सुटीच्या व बिनशिकविण्याच्या दिवशींच द्यावें असा निर्णय दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत शिक्षकांना अध्यापनाशीं संबंध नसलेल्या प्रशासकीय कामांत गुंतवूं नये, आणि शालेय भोजनाच्या कामांतहि त्यांचा कमींत कमी वेळ जावा, असें स्पष्ट लिहिलें आहे. २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें शैक्षणिक कामें कोणतीं व अशैक्षणिक कोणतीं याची वर्गवारीहि करून दिली. मग अडलें कोठें? आमच्या मतें अडलें तें या ठिकाणीं, कीं मनाई झाली पण तीं कामें करणारा दुसरा हात कोणीं दिला नाहीं. शालेय भोजनाचेंच उदाहरण घ्या. १९९५ सालीं ही योजना निघाली. २००१ च्या न्यायालयीन आदेशानंतर शिजविलेलें अन्न मिळूं लागलें. लहान वर्गांतील प्रत्येक मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य, मोठ्यांमागें १५० ग्रॅम असें प्रमाण आहे. हें अन्न बंद व्हावें असें म्हणणारा माणूस आम्हांला भेटला तर आम्ही त्याला आमच्या ओसरीवर बसूं देणार नाहीं. उपाशी पोटीं येणारीं मुलें आम्हीं वर्गांत डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. परंतु तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, आज किती मुलें जेवलीं, याचा हिशेब कोणीतरी लिहिलाच पाहिजे. आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहसा ना कारकून, ना शिपाई. म्हणून तो कोणीतरी म्हणजे शिक्षक.

इंग्लंडांत हा प्रश्न वीस बावीस वर्षांपूर्वीं असाच पेटला होता. तेथील शिक्षक आठवड्याला सरासरी ५२ तास काम करतात असें २००१ च्या एका सरकारी पाहणींत आढळलें. जानेवारी २००३ मध्यें सरकार, शाळांचे मालक आणि बहुतेक शिक्षकसंघ यांच्यांत करार झाला. त्यांतील दोन कलमें आम्हांला फार महत्त्वाचीं वाटतात. पहिलें असें कीं, मुलांकडून पैसे गोळा करणें, याद्या करणें, गठ्ठ्यानें प्रती काढणें, हजेरीच्या आंकड्यांची जुळणी करणें, साहित्याची मोजदाद ठेवणें अशा वीसाहून अधिक कामांची यादीच करून तीं शिक्षकांकडून काढून घेण्यांत आलीं व मदतनिसांकडे देण्यांत आलीं. दुसरें, सप्टेंबर २००५ पासून शिक्षकाच्या शिकविण्याच्या वेळेपैकीं निदान एक दशांश वेळ पाठाची तयारी व तपासणी यांसाठीं वेळापत्रकांतच राखून ठेवण्यांत आला. तो वेळ कृपेचा नव्हे, हक्काचा. अर्थात् त्यामुळें तेथें रामराज्य झालें असें मुळींच नाहीं. कामांची ती यादी पुढें नियमांतून गळली, आणि २०२४ मध्यें ती पुन्हां घालावी लागली. कागदाचें गवत असेंच असतें. एकदां काढून भागत नाहीं.

आपणांकडे एवढा खर्च झेपणार नाहीं असें कोणी म्हणेल. आम्ही फार मागत नाहीं. सुमारें दहा शाळांचें एक केंद्र असतें. त्या प्रत्येक केंद्राला एक चांगला कारकून द्या. आठवड्यांतून एकेक दिवस तो दोन शाळांत बसेल, आधारपत्रांचे, धान्याचे, शिष्यवृत्त्यांचे व संगणकांतील नोंदींचे तक्ते भरील, आणि दहा शाळांतील वीस पंचवीस शिक्षक वर्गांत राहतील. दुसरें एक काम तर बिनखर्चाचें आहे. माहिती मागणारानें मागण्यापूर्वीं आपलें कपाट उघडून पाहावें. २०१५ पासून राज्यांत 'सरल' नांवाची नोंदपद्धति आहे. देशपातळीवर 'यूडायस' आहे. प्रत्येक मुलाचें नांव, जन्मतारीख, जात, वर्ग हीं त्यांत एकदां गेलींच आहेत. मग तींच पुन्हां निराळ्या रकान्यांत, रात्रीं, मोबाईलवर कां? आणि छायाचित्रें! झाड लावलें कीं छायाचित्र, हात धुतले कीं छायाचित्र, शपथ घेतली कीं छायाचित्र. आमच्या सूनबाईच्या मोबाईलमध्यें तिच्या स्वतःच्या मुलाचीं नसतील इतकीं शाळेच्या हात धुण्याचीं छायाचित्रें आहेत.

यावर नेहमींचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "मास्तरांना दिवाळीची सुटी, मे महिन्याची सुटी, पगार भरपूर, आणि तक्ते भरावयाचे म्हणतांच तक्रार! तपासणी नको म्हणूनच हें सारें." कामचुकार शिक्षक असतात. आमच्या छत्तीस वर्षांत असे पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्यामुळें आमच्या माना खालीं गेल्या. परंतु तक्त्यांनीं ते पकडले जातात ही समजूत भाबडी आहे. आम्हीं पाहिलेल्या सर्वांत आळशी शिक्षकाचे तक्ते तालुक्यांत सर्वांत आधीं जात. त्याला दुसरें काम काय होतें? कागदाच्या जाळ्यांत सांपडतो तो ज्याला शिकवावयाचें असतें तो.

असो. वरच्यांनीं काय करावें हें सांगून झालें. पण शिक्षकानें स्वतःहून उतरवून ठेवावें असेंहि कांहीं ओझें आहे, आणि तें आमच्या पिढीनेंच त्याच्या डोक्यावर ठेविलें आहे. तें म्हणजे लाल शाईचें. वही लाल झाली म्हणजे मास्तर कष्टाळू, ही समजूत आमचीहि होती व पालकांचीहि होती. चाळीस मुलें, एका वहीला तीन मिनिटें, म्हणजे दोन तास. आणि तीन विषय असले तर सहा! हें रोज कोणाच्यानेंहि होणार नाहीं. होतें तें असें कीं, मास्तर न वाचतां बरोबरची खूण करीत सुटतो. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत आम्हीं हा मोह सोडला. शुद्धलेखन मुलांनीं फळ्यावर पाहून स्वतःच तपासावें; गणिताचीं उत्तरें वर्गांतच सांगून टाकावीं. निबंधाच्या वह्या रोज दहाच आणाव्या, पण त्या दहा मनापासून वाचाव्या. चार दिवसांत वर्ग पुरा होतो. वाचतांना एका कागदावर सर्वांच्या समान चुका टिपून ठेवाव्या आणि दुसरे दिवशीं शेरे लिहिण्याऐवजीं फळ्यापाशीं उभें राहून त्या समजावून द्याव्या. इंग्लंडांत २०१६ सालीं याच विषयासाठीं एक समिति बसली होती. लांबलचक लेखी शेऱ्यांचा मुलांना उपयोग होतो असा पुरेसा पुरावा नाहीं, असाच तिचा अभिप्राय पडला. तो वाचून, सारीं वर्षें आम्हीं शाईवर घातलेल्या पैशांचें थोडें वाईट वाटलें.

मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याची जुनी पद्धतहि टाकाऊ नाहीं. अँड्र्यू बेल या पाद्र्यानें ती अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस वापरली आणि तेथून ती विलायतेला गेली. आमच्या पंतोजींच्या शाळांतून तर ती चालतच होती. पाढे, उजळणी, वाचनाचा सराव हीं कामें चौथीचा मुलगा दुसरीकडून उत्तम करून घेतो, आणि स्वतःहि पक्का होतो. हजेरी मात्र शिक्षकानें आपल्या तोंडानें, एकेका मुलाकडे पाहून घ्यावी. तें कारकुनाचें काम नव्हे. वर्गनायकाचें तर नव्हेच. त्याचें कारण वर येऊन गेलें आहे.

आतां राहिलें घर. शिक्षक असलेली सून संध्याकाळीं घरीं आली कीं तिची शाळा सुटली असें आम्ही मानतों, आणि पदर खोंचून ती स्वयंपाकाला लागते हें गृहीत धरतों. त्या गठ्ठ्याच्या रात्रीनंतर आमच्या घरीं एक बैठक झाली. पुष्कळ वादविवाद झाला, तो सगळा येथें सांगण्याची सोय नाहीं. ठरलें तें असें: संध्याकाळीं साडेसहा ते आठ हा वेळ सूनबाईचा, मेजावरचें तिचें टेबल कोणीं हलवावयाचें नाहीं. संध्याकाळची पोळी थोरल्या सूनबाई करतील, आणि सकाळचा डबा धाकट्या. भाजी निवडणें व नातवाचे पाढे घेणें हीं आमच्याकडे आलीं आहेत. मेथी निवडावयास किती वेळ लागतो हें आम्हांला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं कळलें. आठनंतर मोबाईल दिवाणखान्यांतील फडताळांत राहतो; फार निकडीचें असेल तो घरच्या दुसऱ्या क्रमांकावर बोलेल. पहिल्या आठवड्यांत दोनदां बोलणें खावें लागलें. मग तिच्या वरिष्ठांनीं सर्व निरोप दुपारीं चारच्या आंत देण्याचें कबूल केलें. तें कितपत टिकतें तें पाहावयाचें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें शाळेंत जातात त्यांनींहि बाईंना रात्रीं दहाला 'उद्यां गणवेश कोणता' असें विचारण्याचें सोडलें तर आमच्यासारख्या पुष्कळ घरांवर उपकार होतील.

परवां सूनबाईनें त्या वेळेंत वह्यांचा गठ्ठा सोडला. आम्ही पलीकडे मेथी निवडीत होतों. विषय होता 'माझी आई'. एका वहीपाशीं ती थांबली आणि तिनें ती आम्हांला वाचून दाखविली. मुलानें लिहिलें होतें कीं, माझी आई नेहमीं झोंपलेली असते. पुढें लिहिलें होतें कीं, ती मी उठायच्या आधीं कामाला जाते आणि रात्रीं येते तेव्हां मी झोंपलेला असतो. पण मधें एकदां जाग आली कीं मी तिला बघतो.

"बाबा, हा मुलगा वर्गांत पेंगतो म्हणून मी त्याला दोनदां उभा केला," ती म्हणाली.

निबंधावरची तारीख पंधरा दिवसांपूर्वींची होती.